मिठाचा हिमालय

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली, त्यानंतर रेशनकार्डावर सही करण्यापलीकडे लिहिण्याचा संबंध आला नाही. कोणाच्या हाती ही वही पडलीच तर त्याने चुका पोटात घालाव्या.

लिहायचं कारण असं. आमच्या शाळेच्या म्हात्रे बाई म्हणाल्या, "सुगंधा, रोह्याला काय झालं ते पालकसभेत सांग." मला चार माणसांत उभं राहून बोलता येत नाही. बाईंना हो म्हटलं आणि सभेच्या दिवशी अंग दुखतंय असं सांगून घरी राहिले. मग वाटलं, ज्या आया तिकडे गेल्या नाहीत त्यांच्यासाठी निदान लिहून ठेवावं. द्यायचं की नाही ते नंतर बघू.

माझी मुलगी कस्तुरी जन्मापासून पाहू शकत नाही. उजेड आणि सावली तेवढी कळते. आमचं गाव पेणच्या खाडीकडे आहे. माहेरी मिठागर, त्यामुळे लग्नाआधी मी मिठातच वाढले. आता पेणला गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घासायचं काम करते. कस्तुरी गावच्या शाळेत पाचवीत आहे. पुस्तकातला धडा मी तिला अक्षर लावत लावत वाचून दाखवायची आणि चित्रात काय आहे ते सांगायची. पण पुढची पुस्तकं मला झेपेनात. हेडमास्तर म्हणाले, पुढच्या वर्षी तिला मुंबईला अंध मुलांच्या शाळेत, वसतिगृहात टाका. ती शाळा वाईट आहे असं नाही. पण कस्तुरीने चार दिवस अन्न सोडलं. तिला घर आणि वर्गातल्या मैत्रिणी सोडायच्या नव्हत्या.

तेव्हा म्हात्रे बाईंनी बातमी आणली. रोह्याला तीन दिवसांचं शिबिर होतं. मोबाईलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता पुस्तक वाचून दाखवते, चित्रात काय आहे ते सांगते, प्रश्न विचारला तर उत्तर देते. ती वापरून जे मूल स्वतः धडा समजून घेऊन दाखवेल त्याला फोन मिळेल, आणि मग ते आपल्याच शाळेत शिकू शकेल.

ऐकून माझ्या जाऊबाई, रंजनाताई, हसल्या. त्यांना हसायचा हक्क होता. आदल्या वर्षी असाच एक माणूस गावात येऊन आंधळ्या मुलांसाठीचं ॲप म्हणून काहीतरी विकून गेला होता. त्यासाठी मी रंजनाताईंकडून तीन हजार घेतले होते. ते ॲप इंग्रजीतच बोलायचं आणि महिनाभराने तेही बंद पडलं. माणसाचा फोन लागेना.

"परत मोबाईलचं खूळ काय गो?" रंजनाताई म्हणाल्या. "आधीचे माझे तसेच हायत."

"हे फुकट हाय," मी म्हटलं.

"फुकट म्हंजे तर बघूनच जा."

शुक्रवार : पेण, आणि चुकून कोलाड

रेल्वेगाडीची वेळ जमत नव्हती म्हणून पेणहून महाडची एसटी धरली. नागोठण्याला उतरून रोह्याची बस घ्यायची होती. थंडीचे दिवस होते. वडखळ गेलं, गडब आलं. खिडकीशी बसलेल्या कस्तुरीला मी सांगत होते, भात कापून झालाय, मधेमधे वाल पेरलाय, हायवेला शेंगांच्या जुड्या घेऊन बाया बसल्यात. एक बाई शेजारणीच्या गिऱ्हाइकाला हाक मारतेय आणि शेजारीण तिच्याकडे डोळे वटारतेय. कस्तुरी म्हणाली, "डोळे वटारतात म्हंजे कसं?" मी तिचं बोट माझ्या भुवईवर ठेवून दाखवलं.

नागोठणं आलं तेव्हा आमच्या पुढे सामान घेऊन माणसं उभी. कंडक्टर पुढच्या दाराशी. "थांबा, उतरायचंय" एवढंच ओरडायचं होतं. माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. बस सुटली.

"आई, नागोठणं गेलं ना?"

"व्हय."

"मग तू बोलली का नाय?"

वरच्या तिकिटाचे पैसे भरले आणि कोलाडला उतरलो. रस्त्याकडेच्या टपरीवर मिसळ घेतली. आमच्याकडच्यापेक्षा तिखट होती. कस्तुरीच्या नाकातून पाणी आलं तरी तिने रस्सा पुन्हा मागितला, स्वतः, मोठ्याने. मग शेअर रिक्षात दाटीने बसून रोह्याला पोचलो. अकराचं शिबिर, आम्ही साडेअकराला.

शिबिर घेणाऱ्या वृंदाताई स्वतःही पाहू शकत नाहीत हे मला तिथे कळलं. चाळिशीच्या असतील. हातात पांढरी काठी, अंगात नीट इस्त्रीची साडी. मदतीला एक सर होते, फोन चालू करून देणारे. दहा मुलं, दहा आया-बाप. सुरुवातीला वृंदाताईंनी सरांना एक कागद मोठ्याने वाचायला लावला. मुलांचा आवाज फोनमध्ये कुठे जाईल, कुठे जाणार नाही, फोटो काढायचा की नाही हे आईबापांनी ठरवायचं. आदल्या वर्षीच्या ॲपवाल्या माणसाने फक्त अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं होतं. मी फोटोला नको म्हटलं, म्हणजे मान हलवली. सरांनी तिथे फुली मारून दाखवली.

कस्तुरीच्या हाती फोन दिला तेव्हा ती बराच वेळ नुसती त्याच्या कडा चाचपत होती. मग तिने घरून नेलेल्या जुन्या पुस्तकातलं भूगोलाचं पान त्याच्यापुढे धरून विचारलं, "या चित्रात काय हाय?"

फोन स्वच्छ मराठीत म्हणाला, "बर्फाने झाकलेली उंच पर्वतांची रांग. वर निळे आकाश. चित्राखाली हिमालय असे लिहिले आहे."

"चूक," कस्तुरी म्हणाली. "त्या मिठाच्या राशी हायत. माझ्या आईने सांगितलंय."

मुलं हसली. वृंदाताई मात्र गंभीर होत्या. "यंत्र चुकतं कधीकधी. मुलीच्या आईने पाहिलंय ना चित्र? सर, यंत्राची चूक म्हणून लिहून घ्या."

चूक यंत्राची नव्हती, माझी होती. डोंगरावरचा बर्फ मी कधी पाहिलेला नाही. दोन वर्षांपूर्वी ते चित्र समोर आलं तेव्हा पांढऱ्या टोकदार राशी दिसल्या. माझ्या वडिलांच्या बांधावर अशाच राशी लागायच्या. हिमालय हे नाव वाचलं होतं, पण मला वाटलं, तिकडेही मीठ होत असेल. मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं, बाळा, आपल्यासारखंच हाय, फक्त राशी मोठ्या हायत.

सर पान न बघताच लिहीत होते. मी खाली मान घालून बसले. नागोठण्याला जसा आवाज गिळला तसाच.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार : सारामावशींचं घर

म्हात्रे बाई पूर्वी रोह्याला नोकरीला असताना सारामावशींकडे खोली घेऊन राहिल्या होत्या. त्यांनीच आमची सोय केली होती. सारामावशी बेने इस्रायली, म्हणजे आमच्या कोकणातल्याच ज्यू, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांच्या आजोबांचा तेलाचा घाणा होता. मुलं-लेकी सगळी इस्रायलला, या एकट्या इथे. बोलणं मात्र आमच्या खाडीकडच्या कोणत्याही म्हातारीसारखं.

"आलात व्हय? हातपाय धुवा लवकर. दिवे लावायची वेळ झाली. मग माझ्याच्याने विस्तवाला हात लागायचा नाय."

भेट म्हणून मी भावाच्या आगरातलं जाडं मीठ नेलं होतं, किलोभर, फडक्यात बांधून. दारात उभी राहिल्यावर त्याचीच लाज वाटू लागली. आमच्याकडे दिवेलागणीला मीठ देत-घेत नाहीत, हेही तेव्हाच आठवलं. पण मावशींनी गाठोडं हुंगलं आणि त्यांचा चेहरा फुलला.

"अगो, खाडीचं मीठ. पुडीतल्या मिठाला काय चव असते?"

शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी मावळेपर्यंत त्यांचा देवाचा दिवस, त्यात विस्तव पेटवायचा नाही, बटण दाबायचं नाही. सूर्य मावळायच्या आत त्यांनी दिवे लावले, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना केली. मनुकांचं सरबत केलं होतं, त्यावर काही मंत्रासारखं म्हणून ते सगळ्यांना घोटघोट दिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, मी आणलेल्या मिठात टेकवला आणि आमच्या हातात ठेवला. पहिला घास मिठाचा. मला उगीचच माहेरी आल्यासारखं वाटलं. नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण होतं. त्यावर मी चहा मागितला असता तर बिनदुधाचा मिळाला असता, कारण मांसामागून दूध त्यांच्यात चालत नाही. शिवाय चूल विझली होती. मी मागितला नाही.

शनिवारी शिबिराचा हॉल दुसऱ्या कुठल्या परीक्षेला दिला होता, म्हणून मुलांनी फोन घरी नेऊन रविवारच्या परीक्षेचा सराव करायचा होता. पण सकाळी उठलो तर फोन बंद. रात्री चार्जर लावू का, हे विचारायची मला भीड वाटली होती. देवाच्या दिवशी यांच्या घरात बटण कसं दाबायचं?

मावशींना कळल्यावर त्या म्हणाल्या, "शनिवार माझा हाय, तुझ्या फोनचा नाय. लावायचा होतास की." मग माझा चेहरा बघून, "आता राहू दे. एक दिवस त्यालाही सुट्टी."

कस्तुरी हिरमुसली. "परवा परीक्षा..." असं म्हणून लगेच म्हणाली, "नाय, उद्याच. आणि मी हिमालयातच अडकणार."

"हिमालयात काय झालं?" मावशींनी विचारलं.

कस्तुरीने त्यांना सगळं सांगितलं. यंत्र बर्फ म्हणतंय आणि खरं तर मीठ आहे, आणि आपली आई कशी बरोबर ठरली. सांगताना तिची मान ताठ होती. ती ताठ मान मला बघवेना.

"कस्तू," मी म्हटलं, "तो बर्फच हाय. मी चुकली होती. आणि काल गप्प बसली."

तिची ताठ मान खाली आली. मग म्हणाली, "आणि कुठं कुठं चुकलीस?"

"ठाऊक नाय. ठाऊक असतं तर चुकली असती का?"

सारामावशी उठल्या. त्यांचा फ्रीज जुना, वरच्या खणात भिंतींना पांढरा थर धरणारा. शनिवारी दार उघडताना आतला दिवा लागू नये म्हणून बल्ब त्यांनी शुक्रवारीच काढून ठेवला होता. मला त्यांनी त्या थरातला मूठभर भुगा काढायला सांगितला. कस्तुरीच्या एका तळव्यावर तो ठेवला, दुसऱ्यावर माझं मीठ.

"लेकीकडे गेले होते तेव्हा तिकडच्या डोंगरावर पाहिला मी बर्फ," मावशी म्हणाल्या. "दिसायला दोन्ही सारखं. तुझ्या आईचा काय दोष? आता हाताने सांग."

कस्तुरीने मुठी मिटल्या. थोड्या वेळाने उजवी मूठ झटकली. "हा चावतो. आणि पाणी होतो."

"आणि दुसरा?"

"मीठ मुकाट बसतं. आईसारखं."

मावशी एवढ्या हसल्या की त्यांना बसावं लागलं. मीही हसले. पण त्या दिवशी कस्तुरी माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलली. संध्याकाळी आम्ही कुंडलिका नदीच्या काठाने फिरलो. मी सांगत होते, पाणी संथ आहे, एक बगळा आहे. तिने विचारलं, "नक्की बगळाच?" आधी तिने असं कधी विचारलं नव्हतं. मी पुन्हा नीट बघितलं. बगळाच होता.

रविवार : परीक्षा

हॉलमध्ये म्हात्रे बाईही आल्या होत्या. प्रत्येक मुलाला जिल्ह्याच्या माहितीच्या पुस्तकातलं एक चित्र. फोनला विचारायचं, समजून घ्यायचं आणि स्वतःच्या शब्दांत सांगायचं.

कस्तुरीचं पान सरांनी उघडून दिलं आणि ते दुसऱ्या मुलाचा फोन बघायला गेले. मी मागच्या बाकावरून मान उंचावून पाहिलं. आमच्याकडचं मिठागर होतं. बांध, वाफे, राशी, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया.

फोन म्हणाला, "बर्फाने झाकलेले शेत. काही माणसे बर्फ गोळा करत आहेत." तोच स्वच्छ, ठाम आवाज.

कस्तुरीने फोन खाली ठेवला. मग तिने सांगायला सुरुवात केली. हे बर्फाचं शेत आहे, इथे खूप थंडी असते, माणसं बर्फ बाजूला करतात. चांगलं सांगत होती. मुद्दाम फोनचंच ऐकत होती, कारण एकदा आईचं ऐकून फसली होती.

"छान," वृंदाताई म्हणाल्या.

मी गप्प बसले तर ती पास होणार होती. फोन मिळणार, ती घरी राहणार. बोलले तर कदाचित नापास. बाकीचे आईबाप आपापल्या मुलांत गुंतले होते, म्हात्रे बाईंचं चित्राकडे लक्ष नव्हतं, वृंदाताईंना ते दिसत नव्हतं. त्या हॉलमध्ये त्या पानावरचं मीठ फक्त मला दिसत होतं. आणि उद्यापासून ती त्या फोनचंच ऐकणार होती, रोज.

"बाई," मी म्हटलं. आवाज कसाबसा निघाला. उभी राहिले. "बाई, ते मीठ हाय."

"आई," कस्तुरी म्हणाली, "तू परत तेच?"

मुलं खदखदून हसली. मला खाली बसावंसं वाटलं. पण पाय तसेच राहिले.

"शुक्रवारी मी चुकली होती," मी म्हटलं. "ते हिमालयाचं चित्र बर्फाचंच होतं. यंत्र बरोबर होतं आणि मी बोलली नाय. तुमच्या वहीतली चूक खोडा. पण हे मीठ हाय. यात मी बारा वर्षं काम केलंय."

वृंदाताईंनी मान माझ्या दिशेला वळवली. "तुम्ही सांगू नका. कस्तुरी, तुला दोघं दोन गोष्टी सांगतायत. आता तू काय करशील?"

कस्तुरीने ओठ चावला. मग फोन जवळ धरला. "त्या माणसांच्या पायात काय हाय?"

"पाय अनवाणी आहेत," फोन म्हणाला.

"अंगात काय हाय?"

"साड्या. काहींनी पदर खोचला आहे. डोक्यावर टोपल्या आहेत."

कस्तुरीने तिचा उजवा तळवा चोळला. शनिवारी बर्फ ठेवलेला तोच. "बर्फ चावतो," ती हळू म्हणाली. "अनवाणी कसं उभं राहतील?" मग फोनला, मोठ्याने, "हे मिठागर तर नाय?"

"माफ करा. होय, हे मिठागर असण्याची शक्यता अधिक आहे."

"मग मघाशी एवढ्या खात्रीने कशाला बोललास?"

यावर म्हात्रे बाईही हसल्या. सर धावत येऊन पान बघू लागले आणि त्यांचा चेहरा उतरला. वृंदाताई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मी दोन वर्षं हे वापरतेय. किती मिठागरं मी बर्फ समजून पुढे गेले असेन, मला माहीत नाही." काठी त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. "आपण यांना यंत्राला विचारायला शिकवलं. उलट विचारायला शिकवलं नव्हतं. ते या मुलीने केलं."

कस्तुरीला फोन मिळाला. म्हात्रे बाईंनी तिथूनच हेडमास्तरांना फोन लावला आणि पुढच्या वर्षी ती गावच्याच शाळेत राहील हे पक्कं केलं. परतीला आम्ही रोह्याहून गाडी धरली, निडी, नागोठणं, कासू, पेण. नागोठणं आलं तेव्हा कस्तुरीने मला कोपराने ढोसलं. "उतरायचं असलं तर ओरड हां."

घरी

निघण्यापूर्वी वृंदाताईंनी मला एक विचारलं होतं. त्या पुस्तकातली मिठागरं, मासे, होड्या, शेतीची अवजारं ही चित्रं मी माझ्या आवाजात सांगून द्यावी. ती वर्णनं मुलांच्या फोनमध्ये राहतील, म्हणजे यंत्र चुकलं तरी माणसाचं सांगणं सोबत असेल. कामाचे पैसे मिळतील. मी कागद घरी आणला. घाईत सही करायची नाही एवढं मी शिकले होते. कस्तुरीच्या फोनने तो वाचून दाखवला, मग म्हात्रे बाईंकडूनही वाचून घेतला. माझा आवाज दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही, असं त्यात होतं. तेव्हा सही केली.

दुपारी कारखान्यातून आले की दार लावून फोनमध्ये बोलते. खोलीत कोणी नसलं की मला बोलता येतं. जे ओळखू येत नाही तिथे सरळ सांगते, हे मला माहीत नाही, दुसऱ्याला विचारा. वृंदाताई म्हणतात, ते वाक्य तर मुळीच काढू नका.

पहिले पैसे आले ते रंजनाताईंना दिले, मग पुढचे. काल शेवटचे दीड हजार राहिले होते. त्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होत्या. कस्तुरीने नोटा फोनपुढे एकेक धरल्या. फोन म्हणाला, पाचशे, पाचशे, पाचशे. मग फोन खाली ठेवून तिने प्रत्येक नोट बोटाला लावून लांबी मोजली, कडेच्या रेघा चाचपल्या.

"त्याने सांगितलं ना गो?" रंजनाताई म्हणाल्या.

"त्याने सांगितलं. आता मी बघते."

तिसरी नोट चाचपून झाल्यावर तिने तिन्ही त्यांच्या हातात ठेवल्या. रंजनाताईंनी मोजल्या नाहीत. पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली आणि म्हणाल्या, "तीन हजार पुरे झाले. बस आता, शेंगा सोल."